अस्तर

अस्तर हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो शिंप्याच्या दुकानात. "ताई, ब्लाउजला अस्तर लावायचं ना?" म्हणजे वेगळे पैसे. आतून असतं, कुणाला दिसत नाही, वरच्या कापडाला आधार देतं, एवढंच त्याचं काम. गर्भाशयाच्या आतल्या थरालाही आपण तोच शब्द लावतो आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथेच होतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक निमूट कापड येतं. पातळ निघालं, विरलं, टिकलं नाही, की दोष कापडाचा. आणि कापड अर्थातच बाईचं.

गेलं वर्षभर हा शब्द आमच्या घरात फार वेळा उच्चारला जातोय. माझ्या भाचीचं आयव्हीएफ चालू आहे. (तिला विचारूनच लिहिते आहे. तिने आधी वाचून दोन वाक्यं खोडली, ती इथे नाहीत.) दोन ट्रान्स्फर झाल्या, दोन्ही वेळा गर्भ रुजला नाही. दुसऱ्या खेपेनंतर डॉक्टर म्हणाले, "भ्रूण उत्तम होते, अस्तर साथ देत नाहीये." पुढच्याच महिन्यात एका मुंजीत नात्यातल्या एक ज्येष्ठ बाई हळहळून म्हणाल्या, "बी कितीही चांगलं असलं तरी जमीन..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

आता मी काही डॉक्टर नाही. पण या जमिनीचे काप मी सव्वीस वर्षं काढले आहेत. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. फॉर्मालिनच्या बाटलीतून आलेला तुकडा, त्याचा पॅराफिनचा ब्लॉक, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचा काप, तो कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायचा, मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. निळा-जांभळा आणि गुलाबी. रिपोर्ट डॉक्टर लिहायचे, पण रंग नीट चढला का हे बघायला आपल्यालाही मायक्रोस्कोपला डोळा लावावा लागतो आणि इतकी वर्षं लावला की काही गोष्टी आपोआप कळायला लागतात. निरोगी यकृत आज जसं दिसतं तसंच महिन्याने दिसतं. गर्भाशयाचं अस्तर मात्र दोन-तीन दिवसांत रूप पालटतं. एकाच बाईचे दहा दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन तुकडे शेजारी ठेवले तर नवख्याला वाटेल, दोन वेगळ्या अवयवांचे आहेत.

पाळी संपते तेव्हा हा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. मग ग्रंथींच्या सरळ नळ्या उगवायला लागतात, पेशी भराभर विभागत असतात, थर वाढत वाढत दहा मिलिमीटरच्या आसपास जातो. बीज सुटल्यावर दोन-तीन दिवसांत त्या नळ्यांच्या पेशींत केंद्रकाच्या खाली एकेक रिकामा बुडबुडा दिसतो. तो खरं तर रिकामा नसतो, ग्लायकोजेनने भरलेला असतो, पण आमच्या प्रक्रियेत ते ग्लायकोजेन धुऊन जातं आणि काचेवर राहतात ओळीने मांडलेल्या पांढऱ्या खिडक्या. मला हा टप्पा सगळ्यात आवडायचा. पुढे नळ्या नागमोडी होतात, त्यांतून पाझर सुरू होतो, मधली जागा पाण्याने फुगते, मळसूत्री रोहिण्या ठळक होतात आणि त्यांच्याभोवतीच्या सडपातळ पेशी गोल, गुबगुबीत व्हायला लागतात.

या रूपांवरून तारीख सांगता येते असं १९५० साली अमेरिकेत नॉयस, हर्टिग आणि रॉक या तिघांनी मांडलं. त्यांचा तक्ता जगभर वापरला गेला. बायॉप्सी बघून डॉक्टर लिहीत, "अठरावा दिवस", "तेविसावा दिवस". आणि बाईच्या पाळीच्या हिशोबाशी तो दिवस जुळला नाही की अस्तर मागे आहे, म्हणून मूल राहत नाही, असा निष्कर्ष निघे. या तक्त्याकडे पुढे परत यायचंय, लक्षात ठेवा.

तर हे सगळं चालवतं कोण? पटकन उत्तर द्यायचं तर दोन संप्रेरकं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. पण कसं चालवतात, ही गोष्ट फार रंजक आहे. १९५० च्या दशकापर्यंत अनेकांचा समज असा होता की इस्ट्रोजेन हे पेशीत जाऊन स्वतः रासायनिक क्रियांत भाग घेतं, खर्ची पडतं. शिकागोत एलवुड जेन्सेन यांनी दशकाच्या शेवटी शेवटी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि ते लहान माद्या उंदरांना टोचलं. रक्तातून ते लवकर ओसरलं, स्नायूंतून ओसरलं, पण गर्भाशयाने धरून ठेवलं. आणि जसंच्या तसं, काही न बदलता! म्हणजे ते इंधन नव्हतं, निरोप होता. तो घेणारं एक प्रथिन, रिसेप्टर, गर्भाशयाच्या पेशींत हजर होतं.

संप्रेरक आणि रिसेप्टर यांची जोडी जमली की ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसते आणि तिच्या अखत्यारीतली जनुकं चालू किंवा बंद होतात. इस्ट्रोजेन पेशींना विभागायला लावणारी जनुकं चालू करतं. शिवाय आणखी एक फार महत्त्वाचं जनुक चालू करतं: प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरचं. पहिला पाहुणा दुसऱ्यासाठी दाराची कडी काढून ठेवतो म्हणा ना. इस्ट्रोजेनने आधी काम केलं नसेल तर प्रोजेस्टेरॉन कितीही द्या, ऐकायला फारसं कुणी नसतं. भाचीच्या फाइलमध्ये आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि मग प्रोजेस्टेरॉन, हा क्रम असतो तो यासाठी.

गंमत म्हणजे दुसरा पाहुणा आत आल्यावर पहिल्याचीच सोय बंद करतो. प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करतं आणि त्याला दुबळं करणारं एक विकर पेशींना बनवायला लावतं. वाढ थांबते, तयारी सुरू होते. ज्या महिन्यात बीज सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन येतच नाही आणि थर रान माजल्यासारखा नुसता वाढत राहतो. पाळी जायच्या वयात किंवा पीसीओएसमध्ये असं वारंवार होतं, आणि मग कधीही, कसंही रक्त जातं. असे तुकडे लॅबमध्ये भरपूर येत. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो, म्हणून "या वयात असं होतंच" म्हणून बसून राहू नका, हे माझ्या वयाच्या वाचक मैत्रिणींना जाता जाता सांगून ठेवते.

आता त्या गुबगुबीत पेशींकडे. बहुतेक सस्तन प्राण्यांत अस्तराचा हा कायापालट गर्भाने येऊन दार ठोठावल्यावर होतो. आपल्यात तो दर महिन्याला, कुणी यायच्या आधीच होतो. पाहुण्यांचा पत्ता नाही आणि पंगत मांडून तयार! प्रोजेस्टेरॉनच्या हुकमाने या पेशी आपला सांगाडा बदलतात, वेगळी प्रथिनं बनवतात. त्यात प्रोलॅक्टिनही असतं. हे दूध आणणारं संप्रेरक एरवी मेंदूच्या तळाशी पिट्युटरीत बनतं. इथे मात्र तेच जनुक वेगळ्या बटणाने चालू होतं, आणि ते बटण म्हणजे आपल्या प्राचीन पूर्वजांच्या डीएनएत घुसून बसलेल्या एका विषाणूचा अवशेष आहे. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

असा आगाऊपणा करणारे प्राणी थोडे. माणूस, वानरं, बरीचशी माकडं, एक काटेरी उंदीर, काही वटवाघळं. या वटवाघळांत रूसेटस लेशेनॉल्टी नावाचं फळं खाणारं वटवाघूळ आहे, त्याची आपल्यासारखी पाळी २००७ मध्ये नोंदली गेली. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेत आहे हे. पुण्याच्या एनआयव्हीने निपाहच्या शोधात तिथली वटवाघळं तपासली, त्याची बातमी २०२१ साली सगळ्यांनी वाचली असेल, तेच हे. त्यांच्या अस्तराला अजून तरी कुणी मुंजीत बोल लावलेला नाही. :)

असो. पंगत मांडली आणि कुणी आलं नाही तर? बीज सुटल्यावर अंडाशयात जो पिवळा पुंजका तयार होतो तो दोनेक आठवड्यांनी विरतो आणि प्रोजेस्टेरॉन उतरतं. पाळीचं कारण एवढंच, प्रोजेस्टेरॉनचं उतरणं. याचा प्रयोग आपल्याकडे घरोघरी होतो. गौरी-गणपती तोंडावर आले की नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणल्या जातात ना? ते प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध. गोळी चालू आहे तोवर अस्तर टिकून. विसर्जन झालं, गोळी थांबवली, की दोन-तीन दिवसांत पाळी हजर. (रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांनी या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. देवाला चालत नाही असं मला वाटत नाही, पण तो वेगळा विषय.)

ते उतरलं की आत काय होतं हे १९४० साली मार्की नावाच्या शास्त्रज्ञाने अक्षरशः डोळ्यांनी पाहिलं. त्याने ऱ्हीसस माकडिणींच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रुजवले आणि पारदर्शक बुबुळातून महिनोन्महिने निरीक्षण केलं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण दिसलं ते असं: थर आक्रसतो, मळसूत्री रोहिण्या आणखी पीळ घेतात, घट्ट आवळल्या जातात आणि काही तासांनी सैल होऊन पाझरतात. पुढच्या पिढीने यामागची जनुकं शोधली. प्रोजेस्टेरॉनने दाबून ठेवलेली एक फळीच मोकळी सुटते. प्रोस्टाग्लँडिन वाढतात (पोटात कळा येतात त्या यांच्यामुळे), पांढऱ्या पेशी धावून येतात आणि पेशींमधला सांगाडा कापणारी विकरं बाहेर पडतात. घर स्वतःचे खांब स्वतः कापतं. शरीर "घाण" बाहेर टाकतंय असं आपल्याला लहानपणी सांगत. या काचांवर मला घाण कधी दिसली नाही. दिसलं ते कालपर्यंत कामावर असलेलं, नीट बांधलेलं ऊतक.

आणि लगेच डागडुजी. रक्त चालू असतानाच तळाशी शिल्लक राहिलेल्या ग्रंथींच्या तोंडांतून पेशी सरकत येतात आणि उघडी जागा झाकायला लागतात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पृष्ठभाग पुन्हा सलग. तेही इस्ट्रोजेन अजून खालीच असताना. आयुष्यात चारेकशे वेळा हे होतं आणि व्रण राहत नाही. आपल्या हातावर सुरीचा एक खोल घाव बसला तर त्याची खूण जन्मभर राहते.

व्रण राहतो तो तळाचा थर दुखावला तर. जोरात खरवडलं गेलं तर, किंवा क्षय झाला तर. आपल्याकडे मूल न राहणाऱ्या बाईच्या अस्तरात क्षय शोधतात तो उगाच नाही, आणि त्यासाठी तुकडा पाळीच्या अगदी आधी घेतात. कारण थर दर महिन्याला गळून जातो, क्षयाच्या गाठींना दिसण्याएवढं वाढायला तेवढेच दिवस मिळतात. म्हणजे अस्तराचे खरेखुरे आजार असतात आणि ते शोधायलाच हवेत. भाचीच्या बाबतीत ते शोधून झालेत. क्षय नाही, दुर्बिणीतून चिकटलेलं काही दिसलं नाही, जाडी दोन्ही वेळा नऊच्या पुढे. मग "साथ देत नाहीये" हे कशावरून? दोनदा रुजलं नाही यावरून. रुजलं नाही म्हणून अस्तर वाईट, आणि अस्तर वाईट म्हणून रुजलं नाही. या गोल गोल फिरण्याला पुरावा म्हणत नाहीत, एवढं मला लॅबने शिकवलंय.

त्यावर उपाय म्हणून तिला एक तपासणी सुचवण्यात आली. अस्तराचा तुकडा घेऊन त्यातली दोनशेहून जास्त जनुकं किती चालू, किती बंद ते मोजायचं आणि तिची रुजण्याची "खिडकी" नेमकी कोणत्या तासाला उघडते ते काढायचं. खर्च तिच्या महिन्याच्या पगाराएवढा. रात्री तिचा फोन आला, "मावशी, तू तर हेच बघायचीस ना? करू का गं?"

मला त्या क्षणी तो १९५० चा तक्ता आठवला. डोळ्यांनी वाचायच्या तारखा. पन्नास वर्षं त्यावर निदानं झाली, उपचार झाले. मग अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून मुलं असलेल्या आणि मूल न राहणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या बायकांच्या बायॉप्सी तपासल्या आणि २००४ मध्ये निकाल आला: "मागे राहिलेलं" अस्तर दोन्हींत सापडतं, त्यावरून कुणाला मूल होईल ते सांगता येत नाही. जनुकांवरची तपासणी म्हणजे तीच कल्पना नव्या यंत्रावर. २३८ जनुकांची ही चाचणी स्पेनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडली. कल्पना वाईट नव्हती, जनुकं खरोखरच त्या दिवसांत पालटतात. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये जामा या नियतकालिकात अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. ७६७ स्त्रिया, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटात चाचणीने सांगितलेल्या वेळी ट्रान्स्फर, दुसऱ्यात नेहमीच्या वेळी. मूल झालं ते पहिल्या गटात ५८.५ टक्के, दुसऱ्यात ६१.९ टक्के. अस्तर मुद्दाम खरवडून "जागं" करण्याचंही असंच झालं. २०१९ मध्ये तेराशेहून अधिक स्त्रियांवरच्या अभ्यासात खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्हीकडे २६.१ टक्के. दशांश चिन्हापर्यंत सारखं!

मग रुजत का नाही? बऱ्याचदा भ्रूणामुळे. मायक्रोस्कोपखाली सुरेख दिसणाऱ्या भ्रूणातही गुणसूत्रांची संख्या चुकलेली असू शकते, आणि वयाबरोबर हे वाढत जातं. पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे तरी गर्भपात याच कारणाने होतात. २०१० साली यान ब्रोसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बशीत वाढवलेल्या, कायापालट झालेल्या अस्तराच्या पेशींवर भ्रूण ठेवून पाहिले. वाढ खुंटलेल्या भ्रूणाजवळ त्या पेशींनी रुजायला मदत करणारे काही संदेश सोडणं कमी केलं. चांगल्या भ्रूणाजवळ तसं केलं नाही. कायापालट न झालेल्या पेशींना फरकच कळला नाही. बशीतलं शरीरात जसंच्या तसं घडतं असं म्हणता येत नाही, पण दर महिन्याला आगाऊ मांडलेली ती पंगत कशासाठी, याचं निदान एक उत्तर यात आहे. येणाऱ्याला पारखून घ्यायचं. जमिनीला कुठे बी पारखता येतं? आणि मुंजीतल्या बाईंना मला त्या दिवशी हेही सांगायचं होतं की बी निम्मं तिचंही आहे. सस्तन प्राण्याचं अंडं फॉन बेअरने १८२७ मध्ये पाहिलं, त्याला दोनशे वर्षं होत आली.

भाचीला मी "कर" किंवा "नको" असं काहीच सांगितलं नाही. ते दोन अभ्यास शोधून दिले, आकडे समजावले आणि डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न दोघींनी मिळून कागदावर काढले. पहिला प्रश्न तिने स्वतः लिहिला: "अस्तरात काय बिघडलंय ते रिपोर्टवर दाखवाल का?" डॉक्टरांनी फाइल दोनदा चाळली आणि म्हणाले, तसं काही दिसत नाही. तिने चाचणी केली नाही. त्याऐवजी पुढच्या खेपेला भ्रूणांची गुणसूत्रं तपासायची की नाही यावर दोघं नवरा-बायको विचार करताहेत. त्याचेही फायदे-तोटे आहेत, ते तेच ठरवतील.

तिसरी ट्रान्स्फर दिवाळीनंतर आहे. गोळ्यांच्या चक्रात बीज सुटत नाही, त्यामुळे पिवळा पुंजका नसतो आणि सगळं प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच द्यावं लागतं. रुजलं तर वार हे काम हाती घेईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन महिने. तिने सकाळी आठचा आणि रात्री आठचा गजर आत्ताच लावून ठेवलाय. जावयांच्याही मोबाइलवर लावलाय.